हार्ड म्हणजे काय हो, अक्का?

अक्का,

परवा आपली सुवर्णा गॅस एजन्सीत जाऊन आली. सिलेंडर तुमच्या नावावर होतं, ते बदलून घ्यायचं म्हणून. काउंटरवरच्या माणसानं तिला परत पाठवलं. म्हणाला, मोबाईलमधला फोटो चालत नाही, मृत्यूच्या दाखल्याची हार्ड कॉपी आणा. तुमची लेक घरी येऊन हे सांगत होती तेव्हा बसायला आलेल्या बायका समोर होत्या, आणि मला हसू आलं. साधंसुधं नाही, पदर तोंडात कोंबावा लागला इतकं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. थोरली जाऊ जाऊन दोन आठवडे झाले नाहीत आणि ही धाकटी हसते आहे! आता त्यांना काय सांगणार, की मला तुमचाच आवाज ऐकू आला, "कागद तर मऊ असतोय की गं, मग त्याला हार्ड कशापायी म्हंत्यात?"

हसता हसता रडू फुटलं, तेव्हा कुठं बायकांचा जीव भांड्यात पडला.

तुम्ही इंग्रजीच्या मागं लागलात ते भाकरीपायी. आपल्या कडक भाकरीला बेंगळुरू-हैदराबादहून मागणी यायला लागली आणि कुणीतरी म्हणालं, पाकिटावर इंग्रजीत लिहा. तुमची शाळा अक्कलकोटला, कन्नडमधून, सातवीपर्यंत. मी मंद्रूपची, बी.ए. झालेली, इंग्रजी घेऊन; पण लग्नानंतर त्या इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटल्या वाचण्यापुरता. मी म्हटलं, मी लिहून देते, तुम्ही कशाला त्रास घेता. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणालात, "माज्या हातची भाकरी हाय. तिच्यावर काय लिवलंय ते मला वाचता याया पायजे." झालं. दुसऱ्या दिवसापासून चुलीपाशीच शिकवणी सुरू. चूल कसली, गॅसची शेगडीच, पण तुम्ही शेवटपर्यंत तिला चूलच म्हणालात.

पहिला शब्द अर्थातच 'कडक'. मी सांगितलं, हार्ड. एवढं सांगून मोकळी झाले, आणि तिथंच फसले. कारण एकदा तो शब्द ओळखीचा झाल्यावर तुम्हाला तो जिथं तिथं दिसायला लागला. पाण्याचा फिल्टर बसवायला माणूस आला, तो म्हणाला, तुमच्या बोअरचं पाणी फार हार्ड आहे. तुम्ही बादलीत हात घालून बघितला. "मऊच हाय की." मी म्हटलं, अक्का, जड पाणी म्हणतो तो, डाळ शिजत नाही ते. नातीचा गणिताचा पेपर हार्ड गेला, तिच्या शाळेच्या भिंतीवर हार्ड वर्क लिहिलेलं, आणि आमचे हे क्रिकेटमध्ये आपण हरलो की टीव्हीसमोर मांडीवर थाप मारून म्हणणार, हार्ड लक! एकदा तुम्ही उलथणं हातात घेऊन माझ्याकडं वळलात. "तुज्या इंग्रजांकडं शब्द कमी पडलं का गं? अवघडाला हार्ड, जडाला हार्ड, कष्टाला हार्ड. पोराच्या टोपड्यागत, आज ह्याला घाल, उद्या त्याला."

मी तेव्हा शाळेतल्या बाईंच्या थाटात सांगितलं, शेजारी कोण बसलंय ते बघायचं. पाण्याशेजारी बसला की वेगळा, पेपराशेजारी बसला की वेगळा. एकट्या शब्दाला विचारून काही कळत नाही.

तुम्ही ती भाकरी तव्यावरून उतरवलीत. मग म्हणालात, "बाईमाणसागतच की. मी सासूशेजारी बसले की एक असते, तुज्याशेजारी बसले की दुसरीच."

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पण खरं सांगू, तेव्हा मी त्याकडं नीट लक्षही दिलं नाही. माझं चित्त थापण्याकडं होतं, परातीतली भाकरी फाटत होती.

आपला वाद मात्र त्याच दिवशी सुरू झाला आणि तो काही मिटला नाही. माझं म्हणणं, इंग्रजी कद्रू. आपल्याकडं बघा, टणक वेगळं, कठीण वेगळं, अवघड वेगळं, जड वेगळं, कठोर वेगळं, प्रत्येकाला आपापलं ताट-वाटी. आणि तुम्ही, नवी विद्यार्थिनी, इंग्रजांची वकिली करायला बसलात! "आन् तुजं कडक? भाकरी कडक, च्या कडक, ऊन कडक, मास्तर कडक, इस्त्री कडक. ते न्हाई व्हय टोपडं?" मी म्हटलं, तो एखादाच. तर म्हणे, कन्नडातलं गट्टि घे, टणक बी तेच, दाट बी तेच, मोठ्यांदा बोलायचं तरी गट्टि. मंद्रूपची, कन्नड ऐकत वाढलेली असून मला हे सुचलं नव्हतं, म्हणून मी भाकरी जरा जास्तच जोरात थापली. तुम्ही हसलात ते मी पाठमोरी असूनही ओळखलं.

लेबलाचं तर विचारूच नका. मी सांगत होते, क्रिस्प लिहू. तुम्हाला ते पटेना. "ते वेफराला. आपल्या भाकरीला दात लागत्यात, ते लपवायचं कशाला?" तुमचंच ऐकलं, हार्ड भाकरी असं छापून आणलं, तांबड्या अक्षरांत. आठवड्याभरात बेंगळुरूच्या एका बाईंचा फोन. मी घेतला. त्या हिंदीत भांडायला लागल्या, की शिळा माल पाठवता आणि वर छापताही? त्यांचंही काही चुकत नव्हतं. ब्रेड हार्ड झाला म्हणजे टाकायच्या लायकीचा झाला, हेच त्यांना ठाऊक. आपल्याकडं भाकरी हार्ड झाली म्हणजे आत्ता कुठं खायच्या लायकीची झाली. तुम्ही माझ्या हातातून फोन काढून घेतलात आणि कन्नडमध्ये सुरू झालात. भाकरीवरून शेंगाचटणीवर गेलात, चटणीवरून त्यांच्या सुनेच्या बाळंतपणावर. फोन ठेवलात तेव्हा त्या आपल्या कायमच्या गिऱ्हाईक झाल्या होत्या. तरी मी पुढच्या खेपेला इंग्रजी अक्षरांत 'कडक' असंच छापून घेतलं. तुम्ही महिनाभर कुरकुरत होता. उरलेली लेबलं डब्यांच्या तळाला घालायला झाली.

मग ती पुण्याची तक्रार आली. पाकीट फोडलं तर भाकरीवर हिरवट बुरशी, फोटोसकट. आपल्या भाकरीला बुरशी! मी थापायचे, तुम्ही भाजायचात, मंद आचेवर फडक्यानं दाबून दाबून पार वाळवायचात, आणि गार झाली की एकेक उचलून टिचकी मारून ऐकायचात. खण्ण वाजली तर पाकिटात, बद्द वाजली तर आत ओल आहे, परत तव्यावर. इतकी वर्षं त्या टिचकीतून ओली भाकरी सुटली नव्हती. मी म्हटलं, हवा दमट असेल. सोलापुरात, आणि हवा दमट! मलाच माझं हसू आलं. पण दुसरी तक्रार आली तेव्हा मी थापता थापता कान तुमच्याकडं लावला. तुम्ही एक भाकरी उचललीत, टिचकी मारलीत. माझ्या जागेवरून मला स्पष्ट ऐकू आलं, बद्द. आणि तुम्ही ती समाधानानं पाकिटाच्या ढिगावर ठेवलीत.

तुमची पाठ वळली की ढिगातली भाकरी उचलून परत तव्यावर टाकायची, असं काही दिवस चाललं. एक दिवस तुम्ही मनगटच धरलंत. "माजं काय चुकतंय ते तोंडावर सांग. पाटीमागं कायबी करू नगंस." मग सांगितलं. मोठ्यांदा सांगावं लागलं, तेव्हा तुम्हालाही कळलं की किती मोठ्यांदा सांगावं लागतंय.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर जे लिहिलं ते तुम्ही बाहेर बाकावर बसून स्वतः वाचलंत. बाकी काही लागलं नाही, पण त्यातला तो एक शब्द बोट ठेवून वाचलात. "ह्यो आपला हार्ड हितं काय करतोय?" हार्ड ऑफ हिअरिंग, अक्का. मी कितीतरी धडे दिले तुम्हाला, पण असा धडा परत कुणाला द्यावा लागू नये. म्हटलं, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तसं म्हणतात. तुम्ही कागदाची घडी घातलीत. रिक्षा बाळीवेशीत वळेपर्यंत तुम्ही बाहेरच बघत होता. मग एकदम म्हणालात, "म्हंजे कान कडक झालं म्हन की. आता पाकिटात भरायचं ऱ्हायलंय." रिक्षावाला मागं वळून बघायला लागला, इतक्या आपण दोघी हसलो.

घरी आल्यावर मात्र हसण्याजोगं काही नव्हतं. हे म्हणाले, वहिनींना आता विश्रांती दे, टिचकीची परीक्षा तू कर, नाहीतर कुणी बाई ठेव. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, ते तुम्हालाही ठाऊक होतं. पाटावरून उठलात आणि बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसलात, पाहुण्यासारख्या. आपल्याच घरात! मी दुपारपर्यंत कळ काढली. मग पिठाच्या हातानंच बाहेर आले आणि ओरडले, "उठा! मला एकटीला जमत नाही." जमलं असतं, अक्का. टिचकी मारायला काय लागतं? पण तुम्हाला तसं बसलेलं मला बघवेना, खरं कारण ते होतं.

तुम्ही आलात, भाकरी उचललीत, तिची कड मनगटाच्या हाडाला टेकवलीत आणि टिचकी मारलीत. डोळे मिटून. "हितं कळतंय गं," म्हणालात. सुरुवातीला तुम्ही हाडानं ओळखायचात, मी कानानं, आणि दोघींचा निकाल जुळला तरच भाकरी पाकिटात. चुका झाल्या, दोघींच्याही. पुढं पुढं मी ऐकायचं सोडून दिलं. बुरशीची तक्रार परत आली नाही. ऐकायचं यंत्र मात्र तुम्ही डबीतच ठेवलंत, आणि मी रोज त्यावरून भुणभुण लावली. "ते घातलं की अख्खं सोलापूर टकुऱ्यात शिरतंय," म्हणायचात.

तुम्हाला नेलं त्या दिवशी जो तो एकच बोलत होता. लई कडक बाई होत्या. भाजीवाली म्हणाली, सोसायटीतले म्हणाले, तुमच्या माहेरचे म्हणाले. आपल्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात, तसं तुम्हाला बसवलं होतं, कपाळभर विभूती, आणि तुम्ही त्या सगळ्यांचं ऐकून घेत असल्यासारख्या ताठ. मला वाटलं, एकेकाला विचारावं, कुणाच्या शेजारी कडक? कारण मी बघितलंय. कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणाऱ्या त्या तुम्हीच, आणि त्याच भाजीवालीची पोरगी तापानं फणफणली तेव्हा तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेणाऱ्याही तुम्हीच. भाजीवालीला दोन्ही ठाऊक आहे. ती 'कडक' म्हणताना रडत होती.

आणि माझ्या शेजारी? माझं दुसऱ्यांदा पोटातलं गेलं तेव्हा मी या घरात नवीच म्हणायची. सासूबाईंच्या बहीण आल्या होत्या. त्या माजघरात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, की रिकाम्या कणगीला किती दिवस राखण घालायची. मी आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. तुमचा आवाज आला, "सुम्न कूड!" घरातल्या थोरल्या पाहुणीला, थोरली सून म्हणते, गप बस! त्यानंतर माझ्यादेखत माझ्या मूल नसण्याबद्दल या घरात कुणी बोललं नाही, आजतागायत. मग तुम्ही आत आलात. मला वाटलं, जवळ घ्याल, डोक्यावरून हात फिरवाल. तुम्ही म्हणालात, "ऊठ. पीठ मळलंय. थाप." मला तेव्हा राग आला होता तुमचा. मनात म्हटलं, हे काळीज आहे की पाटा? उठले, रडत रडत थापली, वेडीवाकडी. तुम्ही ती वेडीवाकडी भाकरी भाजलीत, आणि दुसरा गोळा पुढं सरकवलात. आपलं शेजारी बसणं तिथून सुरू झालं. धंदा वगैरे फार नंतरचा.

हे तुम्हाला मी कधी बोलून दाखवलं नाही. तुमच्यासमोर असलं काही बोलायची सोय नव्हती, तुम्ही लगेच म्हणायचात, तवा करपतोय. पण म्हणूनच आपला शेवटचा वाद मला सतावतो. गेले काही महिने तुम्ही एकच लावून धरलं होतं. "माज्यामागं हे बंद कर. तुजी बोटं वाकडी व्हाया लागल्यात. मी हाय तवर करू." मी दर वेळी म्हणायचे, करणार नाही बंद, बघू काय करता. तुम्हाला वाटायचं, मला धंद्याचा लोभ आहे. वाटू दिलं. अहो अक्का, मला भाकरीचं काय होतं? मला तुमच्या शेजारी बसायला मिळत होतं! ते सांगितलं असतं तर तुमचा वाद तिथंच संपला असता. पण त्या शेवटच्या दुपारीही मी नुसतंच म्हटलं, बोटं माझी आहेत, तुम्ही तुमचं मनगट सांभाळा. तुम्ही हसून म्हणालात, "उद्या बोलू की." रात्रीत हृदय थांबलं. त्रास झाला नाही म्हणतात.

आता तुमचं म्हणणं जास्तच खरं झालंय. ज्यासाठी मी बसत होते तेच नाही, तर बसायचं कशाला? सुवर्णाही तेच म्हणाली, काकी, आईची इच्छा होती, बंद करा. मी दोन दिवस विचार केला. इथं विचार करायला मी एकटीच होते, आणि एकट्यानं मला काही कळत नव्हतं. इतकी वर्षं कुणी विचारलं, तू कोण, तर मला पटकन सांगता यायचं, अक्कांच्या शेजारी बसते ती. आता प्रश्न नुसता समोर येऊन बसतो.

आज सकाळी उठले आणि पीठ मळलं. ठरवून नाही. गरम पाण्यात हात भाजला तेव्हा कळलं की मी पीठ मळते आहे. पहिली थापली, तव्यावर टाकली, आणि थापणं-भाजणं दोन्ही मला एकाच वेळी जमेना. भाकरी करपायला लागली. हे दारातून बघत होते. ते आत आले आणि तुमच्या पाटावर बसायला लागले. मी म्हटलं, तिथं नको. त्यांनी भिंतीजवळचा डबा ओढला, या बाजूला बसले आणि उलथणं हातात घेतलं. ज्यांनी तुम्हाला विश्रांती दे म्हटलं होतं, ते तुमचे दीर आज फडक्यानं भाकरी दाबत होते, आणि दर मिनिटाला विचारत होते, झाली का? नाही झाली, म्हटलं. अजून मऊ आहे. दाबा.

लई वाईट झाल्या, अक्का. पाकिटात घालण्याजोगी एकही नव्हती. आम्हीच खाल्ल्या. खाताना मला एकदाही, बंद करू, असं वाटलं नाही. उलट मनातल्या मनात तुम्हाला सांगत होते, की उद्या याहून पातळ थापीन. माझी बोटं दुखली, तुम्ही म्हणाला होतात तशीच. दुखू देत. तुमच्या शेजारी बसून जी झाले, ती तुम्ही उठून गेलात म्हणून लगेच दुसरी कुणी होत नाही, एवढं मला आज कळलं.

एक लेबल सोडलं तर तुमचा शब्द मी या घरात आल्यापासून कधी मोडला नव्हता. आज मोडला. भाकरी बंद होणार नाही. वाद मी जिंकले म्हणायचं. पण समोर तुम्ही पाहिजे होता हो, अक्का. असा जिंकायचा नव्हता मला.